एक माल, एक गिऱ्हाईक: कोळंबीच्या निर्यातीचा आढावा

27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेचं 50 टक्के आयातशुल्क लागू झालं, तेव्हा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ज्याच्या-त्याच्या तोंडी प्रश्न एकच होता: आपल्या ऑर्डरीचं काय होणार? कुणाचे सुटे भाग, कुणाची इलेक्ट्रिकल पॅनेलं, कुणाचं शीट मेटलचं काम. द्राक्षवाले त्या मानाने निवांत होते, कारण नाशिकचं द्राक्ष जातं ते मुख्यतः युरोपात. पण देशभरात पाहिलं, तर या शुल्काचा सगळ्यात थेट तडाखा बसला तो ज्या मालांना, त्यात समुद्रापासून लांब आत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ध्यानीमनीही नसलेला एक माल वरच्या क्रमांकावर होता. तो म्हणजे कोळंबी.

आकडे आधी पाहू, म्हणजे या धंद्याचा आवाका कळेल. 2024-25 या वर्षात भारताने 16,98,170 टन समुद्री उत्पादनं बाहेर पाठवली आणि 62,408 कोटी रुपये मिळवले. डॉलरमध्ये 7.45 अब्ज. त्यातली गोठवलेली कोळंबी 7,41,529 टन, किंमत 43,334 कोटी रुपये. म्हणजे वजनात निम्म्याहून कमी आणि पैशात दोन तृतीयांशांहून जास्त. भागाकार केला तर किलोला सरासरी 584 रुपये पडतात. मासे, म्हाकूळ, सुकं, सुरिमी या सगळ्यांनी मिळून उरलेला तिसरा हिस्सा कमावला. आणि या कोळंबीतली 3,11,948 टन एकट्या अमेरिकेने घेतली. चीन दुसरा, पण बऱ्याच अंतराने.

अंबडमध्ये असे कितीतरी लघुउद्योजक सापडतील ज्यांचं शेड, मशीन, कामगार, कर्जाचा हप्ता, सगळं एका मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर चालतं. त्या कंपनीची लाइन थांबली की यांची थांबते. भाव ती ठरवते, पैसे कधी द्यायचे तेही तीच. भारतीय कोळंबीचा धंदा हा अशा व्हेंडरसारखाच आहे, फक्त सात-साडेसात लाख टनांचा. ते शुल्क हे या आजाराचं एक लक्षण. मूळ दुखणं जुनं आहे, आणि महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर ते जरा वेगळंही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही कोळंबी आपली नव्हेच. बाहेर जाते ती बहुतांश व्हनामी, लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची जात. आपली मूळची निर्यातीची कोळंबी म्हणजे वाघ कोळंबी, बाजारातली टायगर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगरची तळी धडाधड खोदली गेली. कंपन्या उतरल्या, बँका उतरल्या. मग 1994-95 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी रिकामी झाली. त्यातच डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारा नियमन क्षेत्रातली पारंपरिक सोडून बाकीची कोळंबीतळी हटवण्याचा आदेश दिला. भाताची जमीन खारट होते, विहिरी बिघडतात, खाडीत सांडपाणी जातं, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. धंदा कायद्याच्या चौकटीत यायला 2005 उजाडलं. त्या वर्षी तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला आणि 2023 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली.

व्हनामीला व्यापारी परवानगी मिळाली 2009 मध्ये. रोगमुक्त जनक कोळंब्या परदेशातून, बऱ्याचशा अमेरिकेच्या हवाई बेटांवरून आणि फ्लोरिडातून विमानाने चेन्नईला येतात. तिथे विलगीकरण केंद्रात राहतात, मग हॅचरीत जातात आणि त्यांची पिल्लं तळ्यात. चार महिन्यांनी त्यातली निम्मीअर्धी गोठून परत अमेरिकेच्या वाटेला लागतात. बियाण्याचा मालकही तिकडे आणि मालाचं गिऱ्हाईकही तिकडे, अशी ही व्यवस्था. देशी जनक कोळंबी तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत, पण भर अजून आयातीवरच. अलीकडे टायगरही परतते आहे, रोगमुक्त बियाणं मिळू लागल्यामुळे. जपानला तिची चव आवडते. पण प्रमाण थोडं आहे.

तळ्यावरचं काम एकदा जवळून पाहिलं की हा माल इतका जोखमीचा का, ते कळतं. एकरा-दोन एकरांचं उथळ तळं. पाण्यात फिरणारी पंख्यासारखी यंत्रं, म्हणजे एअरेटर, रात्रभर चालू. कारण अंधारात शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट घेतं. पहाटे उजाडायच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्या वेळी वीज गेली आणि जनरेटर लागला नाही, तर चार महिन्यांचा माल तासा-दोन तासांत मरायला लागतो. दिवसातून चार वेळा खाद्य टाकायचं. चेक ट्रे नावाची छोटी जाळी पाण्यात सोडून ठेवायची, दोन तासांनी उचलायची. खाद्य उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी, साफ असेल तर थोडं जास्त. ट्रेमधल्या कोळंबीच्या पाठीवरून जाणारी आतड्याची काळी रेष भरलेली आहे की तुटक, हेही पाहायचं. रेष रिकामी दिसली की मालकाचा चेहरा उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कोळंबी कात टाकते, अंग मऊ असतं, एकमेकींना खातात. त्या दिवसांत खाद्य आवरतं घ्यायचं आणि माल शक्यतो काढायचा नाही. खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा, आणि त्या खाद्यात मासळीच्या भुकटीबरोबर सोयाबीनची पेंड असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनचा आणि या धंद्याचा संबंध आहे तो इथे. बाकी रोगांचं सावट कायम. पांढरे ठिपके गेलेले नाहीतच, शिवाय ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी यकृतात बसून वाढ खुंटवतो. कोळंबी मरत नाही, पण वाढतही नाही, खाद्य मात्र खात राहते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मरण्यापेक्षा वाईट.

भाव ठरतो काउंटवर. तळ्यावर काउंट म्हणजे किलोत किती नग. तीसचा काउंट म्हणजे मोठा माल, शंभरचा म्हणजे बारीक. निर्यातीच्या पेटीवर मात्र हिशेब पौंडाचा असतो, 16/20, 31/40 असा, आणि तोही बहुतेकदा डोकं काढल्यानंतरचा. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो. अमेरिकेला सोललेला, शेपटीसकट किंवा शेपटीशिवाय, सुटा सुटा गोठवलेला माल लागतो. चीन बराच माल डोक्यासकट घेतो. म्हणून अमेरिकेच्या मालात मजुरी जास्त, आणि मिळकतही जास्त. अमेरिका सोडून चीनकडे वळा, असं सांगणं सोपं आहे. पण वळताना सोलणाऱ्या हजारो हातांचं काम मागे राहतं.

अमेरिकेचं आणि आपल्या कोळंबीचं भांडण ऑगस्ट 2025 चं नाही. मेक्सिकोच्या आखातातले तिथले कोळंबी मच्छीमार कित्येक वर्षं तक्रार करत आहेत की आशियातला स्वस्त माल आम्हाला मारतो. 2005 पासून भारतीय कोळंबीवर अँटी-डम्पिंग शुल्क आहे. त्याचा दर दरवर्षी पुनर्विचारानंतर बदलतो, त्यामुळे निर्यातदाराला माल विकताना नेमकं शुल्क किती, हे पक्कं ठाऊक नसतं. 2024 मध्ये सरकारी अनुदानांवर बोट ठेवून आणखी 5.77 टक्के लावले गेले. त्यावर ऑगस्ट 2025 मध्ये हे 50 टक्के आले. सगळं मिळून 58 टक्क्यांच्या आसपास झालं. त्याच वेळी इक्वेडोरच्या कोळंबीवर त्या 50 च्या जागी 15 टक्के होते. आणि इक्वेडोर हा काही किरकोळ प्रतिस्पर्धी नाही. 2023 मध्ये त्याने 12 लाख टनांहून जास्त कोळंबी निर्यात केली, म्हणजे जगात पहिला. जनक कोळंबी त्यांची स्वतःची, तळी मोठी, दाटी कमी, आणि अमेरिका जवळ. पूर्वी इक्वेडोर डोक्यासकटचा माल चीनला द्यायचा आणि सोललेल्या मालात आपण पुढे असायचो. आता तेही सोलायला लागले आहेत. पुढे शुल्काचे आकडे वर जावोत की खाली येवोत, ही स्पर्धा काही हटणार नाही.

नाशिकच्या माणसाला या धंद्यातला एक भाग मात्र कुणी समजावून सांगायची गरज नाही: रेसिड्यू, म्हणजे उर्वरित अंश. 2010 च्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदाराच्या भाषेत सीसीसीचे अंश सापडले आणि कंटेनर बंदरात अडकले. तोवर ते रसायन तपासणीच्या यादीतच नव्हतं. कित्येक घरांचं वर्ष गेलं. ग्रेपनेट ही प्लॉटवार नोंदणीची व्यवस्था 2006 पासून होती, ती त्यानंतर आणखी कडक झाली. आज निर्यातीच्या पेटीवरून मूळ बाग शोधता येते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने काय फवारायचं आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे ठरवून दिलं, आणि मुख्य म्हणजे बागायतदारांनी ते पाळलं.

कोळंबीची हीच गोष्ट जास्त लांबली आणि अजून पुरती संपलेली नाही. ऑगस्ट 1997 मध्ये युरोपने जंतूंच्या कारणावरून भारतीय समुद्री मालच बंद केला. मग कारखान्यांनी बर्फ, पाणी, सोलण्याची शेडं, कामगारांचे हातमोजे यांच्यावर पैसा घातला आणि दार उघडलं. 2002 च्या सुमाराला क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांचे अंश सापडू लागले. 2012 मध्ये जपानने खाद्यातल्या इथॉक्सिक्विनवरून माल अडवला. खाद्य खराब होऊ नये म्हणून घातलेलं ते रसायन. तळेवाल्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. 2016 मध्ये युरोपने भारतीय संवर्धित कोळंबीच्या खेपांची सीमेवरची तपासणी 10 वरून 50 टक्क्यांवर नेली. दोनपैकी एक खेप अडणार, हे गृहीत धरून कोण धंदा करील? युरोपची बाजारपेठ पैसे चांगले देते, तरी आपले लोक अमेरिकेकडे झुकले त्यामागे हे मोठं कारण आहे. तिकडे तपासणी कमी, गिऱ्हाईक मोठं. सोय पाहिली आणि एकाच टोपलीत सगळं गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाने आणखी 102 भारतीय कारखान्यांना मान्यता दिली, ती या पार्श्वभूमीवर मोठी बातमी होती. फळांचा व्यापार अपेडाकडे, तसा मासळीचा एमपीडाकडे. 1972 ची संस्था, मुख्यालय कोचीत. तळ्यांची नोंदणी आणि काढणीआधीची चाचणी त्यांनी सुरू केली आहे. पण द्राक्षात जसं बागायतदार स्वतः परदेशी गिऱ्हाइकाशी बोलतो, मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे त्याचं ठळक उदाहरण, तसं कोळंबीत झालेलं नाही. तळेवाला व्यापाऱ्याला विकतो, व्यापारी कारखान्याला. कुणाच्या तळ्यातला माल कुठल्या पेटीत गेला, हा दुवा मधेच तुटतो.

एका मालावर जगणाऱ्या धंद्याचं काय होतं, याचं जुनं उदाहरण कॅव्हिअरचं आहे. आपल्याकडे गाबोळी तळून खातात आणि तिच्या वाटणीवरून घरात भांडणंही होतात, पण स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी म्हणजे श्रीमंतांच्या टेबलावरचं सोनं. कॅस्पियन समुद्राभोवतीचे देश, मुख्यतः इराण आणि सोव्हिएत संघ, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कमावत होते. सोव्हिएत संघ फुटला, चोरटी मासेमारी बोकाळली. स्टर्जनच्या मादीला अंड्यावर यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे मारलेली भरून निघेना. 1998 मध्ये सगळ्या स्टर्जन जाती वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, सायटीसच्या यादीत आल्या. आज जगातलं सगळ्यात जास्त कॅव्हिअर चीन पिकवतो, तेही तलावात, समुद्रापासून दूर. इराण आता दक्षिणेच्या बुशहर भागात व्हनामी वाढवतो आणि तीही निर्यात करतो. कॅस्पियनची ऐट गेली आणि मक्तेदारीही.

आता महाराष्ट्र. सातशेवीस किलोमीटरचा किनारा शाळेत पाठ केलेला असतो. समुद्री मालाच्या निर्यातीत विशाखापट्टणमनंतर मूल्याने दुसरं बंदर आपलं न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर. तळोज्यात गोठवणीचे कारखाने, ससून डॉक, भाऊचा धक्का, रत्नागिरीचा मिरकरवाडा. आणि संवर्धित कोळंबीत मात्र आपण कुठेच नाही. देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास संवर्धित कोळंबी एकटा आंध्र काढतो. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तळी आहेत, पण तुरळक. म्हणजे न्हावा-शेव्यातून जाणाऱ्या कोळंबीत गुजरातची आणि इतर राज्यांची मोठी भर असते, आपण त्यात वाहतूकदार आणि हमाल.

याची कारणं सांगताना सरकारी अनास्थेवर बोट ठेवायची पद्धत आहे. ते खरंही आहे, पण तेवढंच नाही. कोकणात जमीन गुंठ्यांत मोजतात आणि सातबारावर नावं वीस. आंध्रात भीमवरमच्या आसपास भाताचे सलग सपाट पट्टे, कालव्याचं पाणी, शेजारी शेजारी हॅचरी, खाद्याचा कारखाना, बर्फाचा कारखाना. कोकणात पाऊस चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर कोसळतो आणि खाडीचं पाणी गोडं होऊन जातं, त्यामुळे पिकाचं वेळापत्रक अडतं. बियाणं पूर्व किनाऱ्यावरून आणायचं, खाद्यही तिकडूनच. शिवाय खाडीच्या तोंडाशी आपण औद्योगिक वसाहती बसवल्या. तळोज्याजवळची कासारडी नदी आणि लोटे-परशुरामच्या खालची दाभोळची खाडी यांच्या प्रदूषणाच्या तक्रारी हरित लवादापर्यंत आणि न्यायालयांपर्यंत गेल्या आहेत. ज्या खाडीत मच्छीमाराला मासा मिळेना, तिचं पाणी तळ्यात घ्यायला कोण धजेल?

आणि एक मत मी मांडतो, ते कोकणातल्या काही मित्रांना आवडणार नाही: आंध्र होण्याच्या नादी लागू नये. गोव्यात खाजणाची जुनी रीत आहे. पावसात खारं सोसणाऱ्या भाताचं पीक, बांधाला मानस नावाची झडप, भरतीबरोबर आत येणारी कोळंबी मानशीला जाळं लावून धरायची. उत्पादन थोडं, पण खर्च जवळजवळ शून्य आणि भातही हातात. कोकणातल्या खार जमिनींच्या फुटलेल्या बांधांवर खर्च करायचाच असेल, तर या दिशेने करावा.

महाराष्ट्राची खरी कोळंबी समुद्रातली आहे. चैती, कापशी, टायनी, आणि डोळ जाळ्यातला जवळा, जो सुकट होऊन नाशिकच्या आठवडी बाजारात पोत्याने येतो. ससून डॉक 1875 चा. पहाटे तिथे ट्रॉलर लागले की कोळंबीच्या राशी पडतात आणि त्याभोवती कोळीवाड्यातल्या आणि पोटासाठी लांबून आलेल्या बायका उकिडव्या बसतात. डाव्या हातात कोळंबी, उजव्या हाताच्या अंगठ्याने डोकं मोडायचं, दुसऱ्या झटक्यात पाठीवरचं कवच, तिसऱ्यात शेपूट. हात बर्फाच्या पाण्यात आणि नजर दुसरीकडेच, गप्पा चालूच. पैसे सोललेल्या मालाच्या वजनावर. कोळंबीचे काटे आणि तिचं पाणी बोटांची साल काढतात, म्हणून बोटांना चिंध्या किंवा रबरी टोप्या. मार्च 2024 मध्ये असोसिएटेड प्रेसने आंध्रातल्या कोळंबी उद्योगातल्या मजुरांच्या हालांवर लिहिलं तेव्हा अमेरिकी दुकानदार जागे झाले. अशा बातमीनंतर तिकडचा खरेदीदार चार प्रमाणपत्रं जास्त मागतो. सोलणारणीची मजुरी मात्र त्याने वाढते, असं दिसत नाही.

या समुद्री कोळंबीला अमेरिकेचं दार 2019 पासून बंद आहे, शुल्काच्या आधीपासून आणि वेगळ्याच कारणाने. समुद्री कासवांच्या. 1989 चा अमेरिकी कायदा, कलम 609, म्हणतो की ज्या देशातले ट्रॉलर जाळ्यातून कासव निसटायची सोय करत नाहीत, त्यांची समुद्रात पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड या कायद्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले होते. 1998 च्या निकालात कायद्याचा हेतू योग्य, पण अंमल भेदभावाचा, असं ठरलं. अमेरिकेने अंमल सुधारला आणि कायदा राहिला. आज आपल्या तळ्यातल्या कोळंबीच्या खेपेबरोबरही डीएस-2031 नावाचा फॉर्म जातो, हा माल तळ्यातला आहे, समुद्रातला नाही, हे सांगायला.

उपाय अवघड नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यात बसवायची चौकट तयार केली आहे: लंबगोल, तिरक्या बसवलेल्या धातूच्या गजांची. कोळंबी गजांमधून मागच्या खोळीत जाते, कासव गजांना आपटून झडपेतून बाहेर पडतं. ट्रॉलरवाल्याची तक्रार असते की कासवाबरोबर मोठा मासाही निसटतो. काही प्रमाणात निसटतोही. गंमत अशी की ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने कासवांची अंडी राखली, जिथे कासव महोत्सवाला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरून जातात, त्याच किनाऱ्यासमोरच्या जाळ्यांत कासवाची वाट नाही, म्हणून तिथली कोळंबी अमेरिकेत जात नाही. किनाऱ्यावर वाचवलेलं पिल्लू समुद्रात सोडताना टाळ्या वाजतात. पुढचं काम ट्रॉलरच्या जाळ्यातलं आहे, आणि चौकटीच्या किमतीपेक्षा परवान्याबरोबर ती सक्तीची करण्याची हिंमत जास्त महाग पडते.

मोजक्या पण महाग मालाच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका बोटीला एका फेरीत 157 घोळ मासे लागले आणि ते 1 कोटी 33 लाखांना गेले. मासा चवीला बरा असतो, पण किंमत त्याच्या पोटातल्या भोताची, म्हणजे हवेच्या पिशवीची. ती सुकवून पूर्व आशियात जाते. आपलं कॅव्हिअर म्हणायचं तर हे. पण घोळ अशी लॉटरी लागल्यासारखी मिळते, यातच तिची संख्या घटल्याची कबुली आहे. रत्नागिरीने दुसरी वाट काढली. राणी माशासारख्या स्वस्त मासळीचा लगदा करून सुरिमी, आणि त्यापासून पुढचे पदार्थ. गद्रे मरीनचं नाव त्यात जगभर आहे. कोळंबीवाल्यांनी शिकावं असं तिथे हे आहे की लगदा विकण्यापेक्षा तयार पदार्थ विकल्यावर गिऱ्हाईक एक उरत नाही.

आणि गिऱ्हाईक घरातही असतं. 1982 मध्ये अंड्यांचे भाव कोसळलेले असताना बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. रोजचा भाव उत्पादकांनी जाहीर करायचा आणि देशात खप वाढवायचा. जाहिराती घरोघरी पोचल्या. कोळंबीला अशी समिती नाही. सिडको-अंबड भागात रविवारी थर्माकोलच्या खोक्यातून व्हनामी येते. फिकट करडी, एकसारख्या मापाची, बर्फात दबलेली. गिऱ्हाईक आधी पापलेट विचारतं, मग सुरमई, मग भाव ऐकून कोळंबी. अमेरिकेचं शुल्क वाढलं की आंध्रात तळ्यावरचा भाव त्याच आठवड्यात पडतो. इथल्या पाटीवरचा भाव मात्र जागचा हलत नाही. मधला फरक कोण खातं, हे विचारणारी यंत्रणाच नाही. शीतसाखळी, शहरातली विक्री, सोललेल्या मालाची पाव किलोची पाकिटं यांच्यावर थोडा जरी पैसा लागला, तरी पुणे-नाशिक-नागपूर ही बाजारपेठ लहान नाही.

22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्जाचा आणि विजेचा दर शेतीप्रमाणे, हा त्यातला कामाचा भाग. रात्रभर एअरेटर चालवणाऱ्याला विजेचं बिल किती जड जातं, ते सांगायला नको. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात एक प्रश्न जास्त ऐकू यायला लागला: शेततळी आहेतच, व्हनामी टाकायची का? 2016 च्या मागेल त्याला शेततळे योजनेने आणि त्याआधीपासून द्राक्षवाल्यांनी स्वतः बांधलेल्या प्लास्टिक अस्तराच्या तळ्यांनी निफाड-दिंडोरी-सिन्नर भरलेलं आहे. हरियाणात सिरसा, रोहतकच्या क्षारपड जमिनीत व्हनामी यशस्वी झाली, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या लाहली केंद्राने त्यासाठी काम केलं, हे खरं. पण तिथे जमीन आधीच खारावून पडीक झालेली होती आणि भूजल मूळचं खारं होतं. पाण्यात पोटॅश आणि मॅग्नेशियम मोजून घालावं लागतं ते वेगळंच. आपल्याकडे गोड्या पाण्यात मीठ विरघळवून कोळंबी वाढवायची म्हटलं, तर पीक काढल्यावर ते खारं, खाद्याच्या गाळाने भरलेलं पाणी शेजारच्या द्राक्षाच्या मुळाशी जाणार, आणि द्राक्षाला मीठ सोसत नाही. शेततळ्यात रोहू-कटला, गिफ्ट तिलापिया ठीक आहे. व्हनामीचं बियाणं घेऊन दारात येणाऱ्या एजंटाला भावाच्या आधी एवढं विचारावं की हे पाणी सोडायचं कुठे. सातबाऱ्यावर दाखवता येईल असं उत्तर त्याच्याकडे असेल, तर पुढचं बोलणं.